वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा वर्ग आणि पन्नाशीतील विद्यार्थी

गेल्या काही आठवड्यांत नोकरी, संसार आणि शिक्षण एकाच वेळी सांभाळणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील चार पत्रांचा विषय एकच असल्यामुळे ती येथे एकत्र घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांचे फक्त गाव दिले आहे.

प्रश्न : आदरणीय ताई, मी ५१ वर्षांची आहे. १९९५ मध्ये बी. ए. झाले आणि लग्नानंतर शिक्षण सुटले. आमच्या घरी खाणीवर चालणारा एक ट्रक होता. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हापासून मी एका पतसंस्थेत काम करते आहे. गेल्या वर्षी दूरशिक्षणाने इतिहास विषयात एम. ए. ला प्रवेश घेतला आणि जोडीला ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावर एक अभ्यासक्रमही सुरू केला. रात्री जेवणखाण आवरल्यावर फोनवर व्याख्यान पाहते. पाहताना सगळे समजते, पण सकाळी नारळ खवताना आठवायला जावे तर हाती काहीच लागत नाही. चर्चेच्या पानावर तरुण मुले इंग्रजीत किंवा रोमन अक्षरांत मराठी लिहितात. मी चार ओळी लिहिते आणि पुसून टाकते. आमच्या भजनी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप गट मात्र मीच चालवते आणि तेथे कधी संकोच वाटत नाही. मुलगा म्हणतो, ही डिजिटल संस्कृती आमची आहे, तू तिच्यात पाहुणी आहेस. माझी बुद्धी बोथट झाली आहे, की हे माध्यमच आमच्या पिढीचे नाही? (डिचोली)

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण तुम्ही त्यात एकत्र बांधलेल्या दोन गोष्टी मला सुट्या कराव्याशा वाटल्या. सकाळी काही न आठवणे ही एक गोष्ट आणि लिहिलेल्या चार ओळी पुसून टाकणे ही दुसरी. दोन्हींचा दोष तुम्ही वयाला दिला आहे.

आधी आठवणीचे पाहू. व्याख्यान पाहताना तुम्हांला जे समजते ते खरोखरच समजलेले असते. परंतु समजणे वेगळे आणि समजलेले मनातून पुन्हा बाहेर काढणे वेगळे, आणि व्हिडिओ आपल्याकडून यांतले पहिलेच काम करून घेतो. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एक छोटा उतारा लागोपाठ दोनदा वाचला. दुसरा उतारा एकदाच वाचला आणि मग तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा दोनदा वाचलेला उतारा अधिक आठवत होता. आठवड्यानंतर मात्र दोनदा वाचलेल्या उताऱ्यातील सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला, तर आठवून लिहिलेल्या उताऱ्यातील सुमारे ५६ टक्के. ही ऐन तारुण्यातली मुले होती, हे लक्षात घ्या. फक्त पाहिलेले आणि वाचलेले त्यांच्याही मनातून निसटत होते.

तुमच्या भजनी मंडळात नवा अभंग पाठ कसा होतो ते तुम्हांला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. वही मिटायची, टाळ हातात घ्यायचे, अडखळले की शेजारणीने पुढचा एक शब्द सुचवायचा, आणि पुढच्या एकादशीला तोच अभंग पुन्हा म्हणायचा. व्याख्यानाच्या बाबतीतही हेच करा. वीस मिनिटांचे व्याख्यान मध्येच दोनदा थांबवून फोन पालथा ठेवा आणि आतापर्यंत काय सांगितले ते स्वतःच्या मराठीत पाच ओळींत वहीत लिहा. व्याख्यान इंग्रजीत असले तरी वही मराठीतच ठेवा, कारण दुसऱ्याचे वाक्य आपल्या भाषेत आणताना ते कळले की नाही याची परीक्षा तेथल्या तेथे होते. दोन दिवसांनी त्या ओळी न पाहता पुन्हा लिहून बघा. अशा रीतीने एका रात्रीत एकच व्याख्यान होईल, तीन होणार नाहीत. ते मान्य करावे लागेल. शक्य झाल्यास रात्री अकराऐवजी पहाटेची अर्धी घटका त्यासाठी काढा. दिवसभर आकडेमोड करून थकलेल्या मेंदूकडून आपण अकरा वाजता जे मागतो, ते विशीतही त्याने दिले नसते.

आता पुसलेल्या ओळींकडे येते, कारण मला अधिक काळजी त्यांची वाटते. तुमचा मुलगा जे म्हणतो ते त्याचे एकट्याचे मत नाही. २००१ मध्ये मार्क प्रेन्स्की या अमेरिकी लेखकाने ‘डिजिटल मूलनिवासी’ आणि ‘डिजिटल स्थलांतरित’ अशी विभागणी मांडली. संगणकाच्या काळात जन्मलेले ते येथले रहिवासी आणि आपण बाहेरून आलेले, असा तिचा आशय होता. ही उपमा जगभर पसरली आणि तिने माझ्या पिढीतील कित्येक शिक्षकांना उगीचच दबून राहायला शिकवले. पुढे २०११ मध्ये डेव्हिड व्हाइट आणि अ‍ॅलिसन ले कॉर्नू यांनी तिच्याऐवजी दुसरी मांडणी सुचवली, आणि ती मला जास्त खरी वाटते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे माणूस आंतरजालावर कधी ‘पाहुणा’ असतो, म्हणजे काम करून निघून जातो, तर कधी ‘रहिवासी’ असतो, म्हणजे तेथे इतरांमध्ये आपले अस्तित्व ठेवून वावरतो. एकच माणूस एका ठिकाणी पाहुणा आणि दुसऱ्या ठिकाणी रहिवासी असू शकतो आणि यात वय निर्णायक नसते. भजनी मंडळाच्या गटात तुम्ही रहिवासी आहात. कोणाला कधी उत्तर द्यायचे, दुखावलेल्या माणसाशी गटाबाहेर कसे बोलायचे, आलेली खोटी बातमी पुढे जाण्याआधी कशी थांबवायची, हे सगळे तुम्ही तेथे रोज करता. डिजिटल संस्कृती म्हणतात ती बव्हंशी हीच. चर्चेच्या पानावर तुम्ही अजून पाहुण्या आहात इतकेच, आणि तेथे राहायला जाण्याचा मार्ग म्हणजे त्या चार ओळी न पुसणे.

माझा एक अनुभव सांगते. २०१३ च्या जानेवारीत, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, शाळेची नोकरी सांभाळून मी एडिंबरा विद्यापीठाचा ऑनलाइन शिक्षण आणि डिजिटल संस्कृती या विषयावरचा पाच आठवड्यांचा मुक्त अभ्यासक्रम केला. नाव नोंदवणारे चाळीस हजारांहून अधिक होते. प्राध्यापक फळ्यासमोर उभे राहून शिकवतील या अपेक्षेने मी वही उघडून बसले, तर तेथे व्याख्यानेच नव्हती. छोटे चित्रपट पाहायचे, काही लेख वाचायचे, त्यांवर आपापल्या ठिकाणी लिहायचे आणि शेवटी शब्द, चित्र किंवा ध्वनी यांतून एक डिजिटल रचना करायची. ती तपासणार होते सहाध्यायी. पहिला आठवडा मी नुसती वाचत राहिले. आपल्याला यातले काही येत नाही ही भावना तुमच्या पत्रात जशी आहे तशीच तेव्हा माझ्यात होती. मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराची माझ्याजवळची काही छायाचित्रे मी एकत्र केली. मिरच्यांची विक्री करणारी बाई एका कानाला मोबाइल लावून गिऱ्हाइकाशी बोटांनी भाव ठरवते आहे, असे त्यांतील एक होते. त्याखाली मी मराठीत दोन ओळी आणि त्यांचा मोडकातोडका इंग्रजी अर्थ लिहिला. माझे काम तपासणाऱ्या अनोळखी सहाध्यायींपैकी एकाने विचारले की, ही लिपी कोणती आणि या बाईला फोन येण्याआधी घाऊक भाव कसा कळत असे. त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी पुढच्या शुक्रवारी बाजारात गेले. त्या अभ्यासक्रमातून माझ्याजवळ टिकलेले शिक्षण ते, आणि ते मला पडद्यावर पाहून मिळाले नाही. मी काहीतरी मांडले, म्हणून ते माझ्याकडे आले.

अशा अभ्यासक्रमांचा उगमही यापेक्षा वेगळा नाही, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात २००८ मध्ये जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक वर्ग जगाला खुला केला. त्यात शुल्क भरलेले विद्यार्थी सुमारे २५ होते आणि विनामूल्य सामील झालेले सुमारे २,२००. सर्वांनी लिहावे आणि एकमेकांच्या लेखनाला लेखन जोडावे, हाच त्या वर्गाचा गाभा होता. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वर्गाला सुमारे १,६०,००० लोकांनी नाव नोंदवले, त्यानंतर मोठमोठी व्यासपीठे उभी राहिली आणि व्हिडिओ मध्यभागी येऊन बसला. चर्चेचे पान तेव्हापासून कोपऱ्यात गेले. आज आपण ज्याला ऑनलाइन शिकणे म्हणतो ते बहुतेक वेळा या दुसऱ्या परंपरेतले आहे. पहिलीतले जे थोडे उरले आहे ते त्या कोपऱ्यातच आहे, आणि नेमके तेच तुम्ही संकोचापोटी सोडून देत आहात.

लिपीचा प्रश्न तुम्ही ओझरता लिहिला आहे, पण तो मनाला लागलेला दिसतो. रोमन अक्षरांत मराठी लिहिणाऱ्या मुलांवर रागावू नका. आपल्या गोव्यात ही गोष्ट नवी नाही. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध मराठी क्रिस्तपुराण १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे छापले गेले तेही रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे तेव्हा येथे नव्हते. त्यांची ती अडचण होती. आज आपल्याला ती नाही. प्रत्येक फोनमध्ये देवनागरी कळफलक आहे, बोटाने अक्षर गिरवून किंवा बोलूनही लिहिता येते. रोमनमध्ये काल, काळ, कल आणि कळ हे चारही शब्द एकाच रूपात उतरतात, आणि इतिहासाच्या चर्चेत काल आणि काळ यांतला फरक पुसून चालणार नाही. तुम्ही देवनागरीत लिहा. इंग्रजीत लिहिण्याची सक्ती असेल तर आधी मराठीत लिहून मग भाषांतर करा, आणि मराठी ओळीही खाली राहू द्या.

आणि काय लिहावे, हा प्रश्न तर तुम्हांला पडूच नये. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, मध्यंतरी काम पुन्हा सुरू झाले आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबले. तुमच्या वर्गातील तरुणांना हा सगळा क्रम कागदपत्रांतून वाचावा लागेल. दारात उभ्या असलेल्या ट्रकचा हप्ता कसा भरला, कोणत्या घरातून प्रथम माणूस बाहेरगावी कामाला गेला, पतसंस्थेच्या खातेवहीत त्या वर्षी काय बदलले, हे तुम्ही पाहिले आहे. आर्थिक इतिहासाचा पाठ येईल तेव्हा यातील एक गोष्ट सहा ओळींत लिहा आणि शेवटी तुम्हांला खरोखर पडलेला एक प्रश्न विचारा. पतसंस्थेतील कोणाचे नाव किंवा खाते ओळखू येईल असे काही लिहू नका, एवढे पथ्य पाळा.

प्रश्न : मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतो, वय ३८. तीन वर्षांत सात विनामूल्य अभ्यासक्रमांना नाव घातले, एकही पूर्ण झाला नाही. आपल्यात चिकाटी नाही असे वाटते. प्रमाणपत्रासाठी पैसे भरले तर पूर्ण होईल काय? (काणकोण)

उत्तर : अशा खुल्या अभ्यासक्रमांत शेवटपर्यंत पोहोचणारे सर्वसाधारणपणे दहांत एक किंवा त्याहूनही कमी असतात, त्यामुळे तुम्ही एकटे मागे पडलेले नाही. सातही अभ्यासक्रमांची नावे कागदावर लिहून प्रत्येकासमोर ‘मला यातून काय हवे होते’ ते एका वाक्यात लिहा. एखाद्याचे उत्तर दुसऱ्याच आठवड्यात मिळाले असेल तर तो अपुरा राहिला असे समजू नका. ज्यासमोर लिहायला वाक्यच सुचत नाही तो काढून टाका. उरेल त्यातला एकच निवडा आणि पाळीचे वेळापत्रक हातात घेऊन त्याचे तास ठरवा. रात्रपाळीच्या आठवड्यात शून्य तास ठरवले तरी चालतील, पण ते आधी ठरवा.

पैशांविषयी मात्र स्पष्ट सांगते. ‘स्वयम्’ २०१७ मध्ये सुरू झाले, तेथे शिकणे विनामूल्य आहे आणि शुल्क लागते ते केंद्रावर जाऊन द्यायच्या अंतिम परीक्षेचे. तुम्ही एखाद्या विद्यापीठात पदवीसाठी प्रवेश घेतला असेल तर २०२१ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’मधून घेता येतात, पण नाव नोंदवण्याआधी आपले विद्यापीठ तोच अभ्यासक्रम मानते का ते लेखी विचारून घ्या. खासगी व्यासपीठांच्या प्रमाणपत्रांवर खर्च करण्याआधी तुमच्या कारखान्यातील वरिष्ठांना ते उपयोगाचे वाटते का, हे विचारणे पाच मिनिटांचे काम आहे. शुल्क भरल्याने चिकाटी येते, असे मी तरी पाहिलेले नाही.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे, ४४ वर्षांची, आणि पुढची पदवी घेते आहे. आमच्या अभ्यासगटातील बहुतेक जणी स्वाध्याय कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतात आणि हाताने उतरवून देतात. मी तसे केले नाही तर मागे पडते, केले तर वर्गातल्या मुलांसमोर उभे राहताना लाज वाटते. काय करावे? (फोंडा)

उत्तर : तुम्हांला जी लाज वाटते ती योग्य आहे, तिला दाबू नका. स्वाध्याय आपल्याकडून काहीतरी घडावे म्हणून दिलेला असतो. तो दुसऱ्याकडून लिहून घेऊन सुंदर अक्षरात उतरवला तर तुमच्या हाताला कष्ट होतात आणि मन कोरडेच राहते. चौथीतल्या मुलाने थोरल्या बहिणीकडून निबंध लिहून आणला तर तुम्ही त्याला काय सांगता?

तरीही हे साधन हातात घेऊच नये असे मी म्हणणार नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून ते आपल्या आसपास आहे आणि राहणार आहे. ते कसे चालते एवढे समजून घ्या. अफाट मजकुरावरून पुढचा संभाव्य शब्द कोणता याचा अंदाज बांधत ते वाक्य तयार करते, म्हणून खरे आणि खोटे दोन्ही सारख्याच ठामपणे सांगते. मराठी मजकूर आंतरजालावर इंग्रजीच्या मानाने फार थोडा, आणि गोव्याविषयीचा त्याहून थोडा. मी अशाच एका साधनाला क्रिस्तपुराणाबद्दल विचारले तेव्हा ते पणजीत देवनागरीत छापले गेले, असे मला अत्यंत नम्रपणे सांगण्यात आले. खरी हकीकत वरच्या उत्तरात आलीच आहे. मला ती आधीपासून ठाऊक होती म्हणून चूक दिसली. ठाऊक नसती तर मी ती वहीत उतरवली असती, आणि कदाचित वर्गात शिकवलीही असती. शिक्षिकेच्या हातून होणारी अशी चूक तिच्यापुरती राहत नाही.

माझा क्रम असा आहे आणि तो तुम्हांला सुचवते. आधी स्वाध्यायाचे पहिले टिपण स्वतः लिहा, कितीही कच्चे असले तरी. मग त्या साधनाला उत्तर मागू नका, तुमच्या टिपणावर प्रश्न विचारायला सांगा. त्यांतील ज्या प्रश्नांची उत्तरे तुम्हांला येत नाहीत ती ग्रंथांतून शोधा, आणि त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ प्रत्यक्ष पुस्तकात सापडेपर्यंत खोटा समजा. पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात एक शनिवार घालवलात तर गटातल्या मैत्रिणींपेक्षा तुमचा स्वाध्याय लहान होईल, पण तोंडी परीक्षेत कोणी खोलात विचारले तर तुम्हांला खाली पाहावे लागणार नाही. त्याच मैत्रिणींना एकदा बरोबर घेऊन जा. १८३२ मध्ये स्थापन झालेले ते ग्रंथालय देशातील अत्यंत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक आहे आणि आपल्या राज्यातील कितीतरी शिक्षकांनी ते आतून पाहिलेले नसते, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : आमच्या वाड्यावर फोनचे जाळे येत-जात असते आणि पावसाळ्यात वीजही. घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो दिवसभर यजमानांबरोबर कामावर असतो. मला शिकायचे आहे. (सत्तरी)

उत्तर : २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा सत्तरी आणि सांगे तालुक्यांतील मुले जाळ्यासाठी डोंगरावर चढून बसत, हे आपण सर्वांनी पाहिले. तुमची अडचण तीच आहे आणि ती तुमच्या इच्छेतील उणीव मानू नका. आंतरजालाशिवाय चालणारी एक सोय पुष्कळांना माहीत नसते. ‘स्वयंप्रभा’ नावाच्या सरकारी शैक्षणिक दूरचित्रवाणी वाहिन्या उपग्रहावरून चोवीस तास विनामूल्य चालतात. रोज सुमारे चार तासांचा नवा मजकूर येतो आणि तोच दिवसभरात पुनःपुन्हा दाखवला जातो, त्यामुळे सकाळी वीज गेली तरी तोच पाठ संध्याकाळी मिळू शकतो. घरी डिश असेल तर त्या वाहिन्या शोधून पाहा. बहुतेक पाठ इंग्रजीत किंवा हिंदीत असतात, तेवढी तयारी ठेवावी लागेल. यजमान वाळपईला किंवा डिचोलीला जात असतील तर तेथे जाळे चांगले असताना त्यांनी आठवड्याचे पाठ फोनवर उतरवून आणावेत आणि रात्री एक तास फोन तुमच्याकडे राहील असे घरात बोलून ठरवावे.

पहिल्या पत्रातील डिचोलीच्या ताई तुमच्यापासून फार दूर नाहीत. दोघींची तयारी असेल तर संपादकांमार्फत मी तुमची गाठ घालून देऊ शकते. तसे एका कार्डावर कळवा.